पेटी बदली टाकी

"हाई तीच शे का, एवढंच सांग ताई. बाकी मले काही नको."

नानांनी गिटारची केस माझ्या टेबलावर ठेवली आणि स्टुलावर बसले. चहा नको म्हणाले. पाणीही नको. पारोळ्याजवळच्या गावाहून एसटीने आले होते, सोबत मुलगा रवी. रवीचा चेहरा असा की कोणी नुसतं 'काय भाऊ' म्हटलं तरी भांडण व्हावं.

मी जळगावात वाद्यं दुरुस्त करते. वडील हार्मोनियमचं काम करायचे, म्हणून आमचं दुकान पेटीवाल्यांचं. मी गिटारचं काम कोलकात्याला जाऊन शिकले, तरी गाव मला पेटीवाल्या ताईच म्हणतं. आधी राग यायचा. मग पाटीवरच तसं लिहून घेतलं. कोणाकोणाशी भांडत बसायचं?

केस उघडली आणि मी उभीच राहिले. आपल्याकडे दिसतात त्या गिटार पुढून सपाट असतात. ही घुमटाची होती. इंग्रजीत तिला आर्चटॉप म्हणतात. जाड फळी घ्यायची आणि रंध्याने, पटाशीने कोरत कोरत तिला फुगीर आकार द्यायचा. मधे गोल भोक नाही, व्हायोलिनसारख्या दोन वळणदार खाचा. त्यांना एफ-होल म्हणायचं. अमेरिकेतल्या बड्या कंपनीचं, त्या काळातलं सगळ्यात महागडं मॉडेल. डोक्यावर शिंपल्याचं नक्षीकाम, कडेला काळपट आणि मधे मधासारखा रंग. असलं वाद्य मी पुस्तकात पाहिलं होतं. ते पारोळ्याच्या एसटीतून माझ्या दुकानात येईल असं वाटलं नव्हतं.

"नाना, हे तुमच्याकडे कुठून?"

त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी नाना भुसावळला लोको शेडमध्ये खलाशी, म्हणजे मदतनीस, होते. तिथले ड्रायव्हर रॉड्रिक्स साहेब रेल्वे इन्स्टिट्यूटच्या डान्सला गिटार वाजवायचे. नानांना त्यांनीच हात धरून शिकवलं. पुढे साहेबांचं कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं. जाताना साहेबांनी गिटार नानांच्या हातात दिली. "रख ले. हमारा कोई ना कोई लेने आएगा." नानांनी ठेवली. गावच्या बँडमध्ये ती वाजवली, लग्नं वाजवली, पण विचारेल त्याला एकच सांगितलं, ही साहेबांची ठेव आहे. गिऱ्हाइकं आली, तीही हात हलवत परत गेली.

आणि परवा साहेबांची नात खरोखर आली. शॅरन तिचं नाव. येताना आजोबांचा फोटो घेऊन आली, मांडीवर हीच गिटार. नानांनी पुरणपोळीचा बेत केला. शॅरनने गिटारचे फोटो काढले आणि तिकडच्या कोणा जाणकाराला पाठवले. जेवणं चालू असतानाच त्याचं उत्तर आलं. आजोबांच्या फोटोतली गिटार ही नव्हे.

"तिनी विचारं, किसी ने कुछ बदला क्या?" नाना म्हणाले. "मी खरं ते सांगं. धुळाना मिस्तरीनी पेटी बदली टाकी."

"मग?"

"मंग काही नही. ठीक है नाना, आप ही रखो, असं बोलनी नि चालनी गयी." नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "चिडती तं बरं व्हतं. माफ करी गयी. चोरले माफ करतस तशी."

रवी उसळला. "तेव्हापासून धड जेवत नाहीत, ताई. पारावर जाऊन बसत नाहीत. मी म्हटलं, द्या ती विहिरीत फेकून! आयुष्यभर सांभाळली, त्याचं हे फळ?"

"तू गप रे," नाना म्हणाले.

माझं लक्ष मात्र एका शब्दात अडकलं होतं. पेटी. माझ्या दुकानात पेटी म्हणजे हार्मोनियम. घरात पेटी म्हणजे ट्रंक, खोका. पण आम्हा दुरुस्तीवाल्यांच्या बोलण्यात पेटी म्हणजे वाद्याचा पोकळ भाग, जिथे आवाज घुमतो तो. गिटारची पेटी बदलली याचा अर्थ अख्खी गिटारच बदलली. मान जुनी, अंग नवं.

"नाना, धुळ्याचे मिस्तरी नेमकं काय म्हणाले होते?"

"हाईच. नाना, पेटी बदली टाकी. मी तवय दवाखानामा व्हतू. गिटार त्यानाकडेच पडेल व्हती, बरेच महिने. परत उनी तं नवी पेटीमा उनी." त्यांनी केसवर हात ठेवला. "जुनीले उधई लागेल व्हती ना."

नानांच्या हिशेबी वाळवी लागलेली केस बदलली होती. शॅरनने ऐकलं ते वेगळं, गिटारचं अंगच बदललं. आणि मिस्तरीला काय म्हणायचं होतं, ते विचारायला मिस्तरी आता या जगात नाही. समजा, त्या माणसाने खरंच पेटी बदलली असेल तर? असली कोरीव पेटी काढून घेऊन तिथे दुसरी बसवली असेल, तर नानांनी इतकी वर्षं भलत्याच वस्तूची राखण केली. आणि हे त्यांना मी सांगायचं.

"काय व्हयनं?" नानांनी विचारलं. माझा चेहरा कधीच काही लपवत नाही, मेला.

"काही नाही. गिटार दोन दिवस राहू दे. आणि ऐका, जे दिसेल तेच सांगेन. तुमच्या बाजूने खोटं बोलणार नाही."

"म्हनूनच तुन्हाकडे उनू," नाना म्हणाले.

ते गेल्यावर मी रवीकडून घेतलेल्या नंबरवर भुसावळला शॅरनला फोन लावला. ती मावशीकडे उतरली होती. आवाज शांत, दमलेला.

"देखिए मॅडम, मुझे झगड़ा नहीं करना. संडे को मेरी फ्लाइट है."

"झगडा मी करते, मला आवडतो. तुम्ही फक्त तो फोटो स्कॅन करून ईमेल करा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, तिथे फोटोचा भुगा होतो. आणि तुमचा जाणकार काय म्हणाला, तेही पाठवा."

तिने पाठवलं. जाणकार मूर्ख नव्हता, हे मला पहिल्या ओळीतच कळलं. त्याचे तीन मुद्दे होते.

पहिला टेलपीसचा. टेलपीस म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे अडकवतात ती पट्टी. फोटोत नक्षीची आहे, इथे साधी पितळी. याचं उत्तर माझ्याकडे होतं. नाना त्या पट्टीला शेपटी म्हणतात. जुनी शेपटी एका वरातीत तुटली, ही लोको शेडच्या फिटरने करून दिली. फिटरचं काम होतं, झाकत नाही.

दुसरा मुद्दा, मानेवरचे शिंपले एका काळातले आणि अंगाची रुंदी दुसऱ्या काळातली. हेही मला पटेना. या मॉडेलचं नाव एकच राहिलं, पण वस्तू बदलत गेली. आधी अंग अरुंद होतं, मग रुंद केलं. मग एका खांद्याला खोबण काढली, म्हणजे हात खालपर्यंत जावा. शिंपल्यांची नक्षी बदलली, आतल्या आधारपट्ट्या बदलल्या. आणि कारखाना म्हणजे कारखाना. जुन्या माना शिल्लक असतील तर फेकून थोडीच देतात? नव्या अंगाला लावतात. दिवाळीत उरलेल्या शेवेची भाजी आपण करतोच की. कॅटलॉगात हे लिहीत नाहीत, एवढंच.

तिसरा मुद्दा वाचला आणि मी चष्मा काढून ठेवला. एफ-होल. हे हाताने कापलेले असतात, म्हणून कुठलेही दोन सारखे नसतात. फोटोत खालच्या एफ-होलच्या मधल्या खाचेजवळ कारागिराची सुरी घसरलेली स्वच्छ दिसत होती. काट्यासारखी बारीक, टोकदार खोच. नानांच्या गिटारला त्या जागी काही नव्हतं. कड गुळगुळीत, गोल. लाकूड कापता येतं, कापलेलं परत उगवत नाही. मी भिंगातून बघितलं, आरशाने बघितलं, दिवा आत सोडून बघितलं. खोच नव्हती.

जाणकाराचं बरोबर होतं. मी फार वाईट मूडमध्ये घरी गेले. स्वयंपाक केला नाही. नवऱ्याने काय झालं विचारलं, त्याच्यावर उगाच खेकसले.

दुसऱ्या दिवशी नाना आणि रवी परत आले. दोन दिवस थांबणं म्हाताऱ्याला जमलं नसावं. मी काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात नाना टेबलाजवळ गेले, दोन बोटं गिटारच्या खालच्या एफ-होलला लावली आणि कपाळाला टेकवली. देवळात पायरीला हात लावून टेकवतात तसं. सवयीने केलं, बघितलंही नाही.

"नाना, तिथेच का हात लावला?"

"तोंड शे ना ते. वाद्यानं तोंड. दसराले हयद-कुकू तोंडलेच लावतस."

"याच बाजूला?"

"हा. बसाले घेवावर खाले येस तेच." म्हणजे मांडीवर घेतल्यावर खाली येतं तेच. "साहेब गया तवयपासून लावी ऱ्हायनू. एक दसरा चुकना नही."

मी त्या कडेवर नख रुतवलं. रुतलं! लाकडात नख असं रुतत नाही. नखाखाली काळपट पिवळा चुरा आला. नाकाशी नेला. तेल, हळद, जुनं कुंकू. दर दसऱ्याला तेलात कालवलेली हळद त्या कडेवर बसत गेली, वरून पुसली गेली, आत साचत गेली, धुळीने काळी झाली. कडेच्या काळ्या रंगात ती मिसळून गेली होती. जाणकाराला फोटोत काय दिसणार? मला भिंगातून दिसली नाही.

"नाना, ही हळद काढावी लागेल. खाली काय आहे ते मला माहीत नाही. खोच असेल तर गिटार साहेबांची. नसेल तर..." मग मी त्यांना सगळं सांगितलं. पेटी या शब्दाचा आमच्यात काय अर्थ होतो, मिस्तरीने काय केलेलं असू शकतं, सगळं.

रवी म्हणाला, "राहू द्या ना ताई. नाही निघालं तर हे जगायचे नाहीत."

नानांनी गिटार माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "काढ. बठ्ठी काढ." बठ्ठी म्हणजे सगळी.

कोमट पाण्यात कपड्याची चिंधी पिळून मी कडेवर ठेवली. थर मऊ झाला. बांबूची काडी तासून घेतली, कारण लोखंड लावलं तर मूळ पॉलिश खरवडलं जातं. पापुद्रे निघायला लागले. पिवळे, तांबडे, परत पिवळे.

खाचेजवळ काडी अडकली. मी फुंकर मारली. काट्यासारखी बारीक, टोकदार खोच.

स्क्रीनवर फोटो मोठा करून शेजारी धरला. तीच जागा, तोच तिरपा कल, टोकाशी तीच सुरीची ओढ. मी मोठ्याने ओरडले, "अहो, आहे! नाना, आहे!" आणि मग मला रडूच आलं. रवी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नाना फक्त म्हणाले, "तिले बलाव."

शॅरन संध्याकाळच्या आत भुसावळहून आली. मी तिला काही समजावलं नाही. फोटो दाखवला, खोच दाखवली, कागदावर जमा केलेला हळदीचा चुरा दाखवला. तिने चिमूटभर चुरा बोटांवर घेऊन हुंगला. मग नानांच्या समोर खाली जमिनीवर बसली.

"नाना, मुझे माफ करो. आप ही रखो. इस बार सच में कह रही हूँ."

"नही बेटा," नाना म्हणाले. "ठेव शे ती. ठेव परत करनी पडस. आते ली जाय."

ती नको नको म्हणाली. नानांनी ऐकलं नाही. मी मधे पडले नाही. आयुष्यभर ज्या क्षणासाठी वस्तू सांभाळली, तो क्षण माणसाकडून काढून घेणारी मी कोण?

रवी शेजारच्या किराणा दुकानातून हळद-कुंकू घेऊन आला. शॅरननेच मागितलं होतं. आजोबांच्या गिटारला निघण्याआधी नानांनी एकदा लावावं, म्हणाली. तिनेच बोट हळदीत बुडवून एफ-होलकडे नेलं. नानांनी तिचा हात धरला.

"तोंडले नको," म्हणाले. "नहीतं परत वळख लागाव नही."

मानेच्या मागे, जिथे अंगठा टेकतो, तिथे लावायला सांगितलं. शॅरन हसली आणि रडली. विमानात चालेल अशी टणक केस तिने ऑस्ट्रेलियाहूनच आणली होती, ती गाडीत पडून होती. गिटार तिच्यात गेली. नाना आपली केस घेऊन एसटी स्टँडकडे निघाले. रवी म्हणाला, मी धरतो. त्यांनी दिली नाही. आत काही नव्हतं, तरी दोन्ही हातांनी धरली होती.

धंद्याचा धडा म्हणाल तर एवढाच. वाद्य ओरिजिनल आहे का, असं कोणी विचारलं की मी आता आधी ते धुते, मग बोलते. आणि पेटी बदलली असं कोणी म्हणालं, तर विचारते, बाबा रे, कुठली पेटी?

यंदा दसऱ्याला मी नानांना फोन केला. सोनं घ्या म्हटलं. मग राहवलं नाही.

"नाना, या वर्षी हळद कोणाला लावली?"

"पेटीले," नाना म्हणाले.

त्यांना मात्र मी विचारलं नाही, कुठली.