कर्नलच्या गळ्यातला हार

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांचं वृत्त ई-अंकासाठी मी लिहितो. पूर्वी पुण्यात वृत्तपत्रात काम केलेलं असल्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. या वृत्तांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: प्रतिमापूजन आणि दीपप्रज्वलनाने कार्यक्रमाची सुरुवात झाली. गेल्या ऑक्टोबरातल्या कार्यक्रमाला ते वाक्य लागू पडलं नाही.

त्या दिवशीच्या वक्त्या माझ्या शेजारच्या बाई होत्या. गोऱ्या, याच राज्यात वाढलेल्या, इतिहासाच्या निवृत्त शिक्षिका. विषय होता त्यांचे खापरपणजोबा. हे गृहस्थ आधी वकील होते, मग विधिमंडळात निवडून गेले आणि यादवी युद्ध पेटल्यावर दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूच्या फौजेत कर्नल झाले. त्यांच्याविषयी बाई जाहीरपणे कधी बोलल्या नव्हत्या. त्याचं कारण त्यांनी मला कुंपणाशी उभ्या राहून सांगितलं होतं. त्यांची सर्वांत जवळची मैत्रीण कृष्णवर्णीय आहे, निवृत्त नर्स. तिचे पूर्वज याच कर्नलच्या शेतावर गुलाम होते. दोघींना हे ठाऊक होतं आणि इतक्या वर्षांत एकीनेही विषय काढला नव्हता.

"तिच्यासमोर एकदा सगळं बोलायचंय," बाई म्हणाल्या होत्या. "ती येणार आहे. एकच अट घातलीय, त्याचा गौरव नको. चुकलं, तर ती पुन्हा माझ्या दारात येणार नाही."

"मग आमच्या मंडळातच का?"

"आमच्या लोकांसमोर बोलले तर अर्धे चिडतील, अर्धे टाळ्या वाजवतील. तुमच्या लोकांचा त्यात जीव अडकलेला नाही."

बाईंनी कर्नलचा मोठा केलेला फोटो आदल्या दिवशीच पाठवला होता. कार्यक्रमाच्या वेळी मी माइकची वायर शोधून हॉलमध्ये आलो तेव्हा फोटो स्टँडवर होता आणि त्याच्या गळ्यात झेंडूचा भरघोस हार होता. मंडळातल्या सगळ्यांच्या काकू समईत तेल घालत होत्या. सेक्रेटरी शेजारी उभा होता.

"काकू, हार काय जबरी आहे! इंडियन स्टोअरमधला का?"

"स्टोअरमधला कसला! डेकवरच्या कुंड्या भादरल्या मी. फोटो मांडलाय आणि गळा मोकळा, बरं दिसतं का ते?"

"पण यार, हा नक्की कोणत्या साइडचा?"

"कर्नल होता ना? मग झालं! तू काडेपेटी आण, साइड नंतर गूगल कर."

मी काकूंकडे निघालो, तेवढ्यात दार उघडलं आणि दोघी मैत्रिणी आत आल्या. नर्सबाई फोटो पाहून जागीच थांबल्या. काढायला घेतलेला कोट त्यांनी पुन्हा खांद्यावर घेतला.

"तू म्हणाली होतीस, गौरव नाही."

"नाहीच आहे."

"मग ते काय आहे?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की ही आमची पद्धत आहे. मंचावर फोटो ठेवला की त्याला हार घालतात.

"कुणाच्याही फोटोला?" नर्सबाईंनी विचारलं.

"तो कोण होता, हे पुष्कळदा कुणी विचारतही नाही."

"आम्ही विचारतो," त्या म्हणाल्या आणि दाराकडे वळल्या.

बाई सरळ मंचावर गेल्या. त्यांनी हार उतरवला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातात धरून उभ्या राहिल्या.

"अरे, घातलेला हार काढतायत त्या!" काकू मला म्हणाल्या. "असं करत नाहीत, सांग त्यांना."

मी काकूंना तो फोटो कुणाचा आणि दाराशी उभ्या असलेल्या नर्सबाई कोण, हे थोडक्यात सांगितलं. काकूंनी तेलाचं भांडं खाली ठेवलं. मग मंचावर जाऊन त्यांनी बाईंच्या हातून हार घेतला आणि आपल्या पिशवीत टाकला.

"समई तेवढी राहू दे," त्या म्हणाल्या. "ती काही ह्याच्यासाठी नाही."

ते पाहून नर्सबाई दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसल्या. कोट अंगावरच होता.

बाई शांतपणे बोलल्या. विधिमंडळात कर्नलनी आधी देशातून फुटून निघण्याच्या विरोधात भाषण केलं आणि पुढे त्याच्याच बाजूने मत दिलं. आपल्या अशिलांच्या मुलांना घेऊन त्यांनी तुकडी उभारली. वकील म्हणून माणसांच्या विक्रीची खतं त्यांनी स्वतः लिहिली होती. युद्ध हरून ते परतले, पुन्हा वकिली केली, पुन्हा निवडून आले. "जमीन थोडी गेली," बाई म्हणाल्या. "मान गेला नाही." मग त्यांनी शेवटच्या खुर्चीकडे पाहिलं. "माझ्या मैत्रिणीची खापरपणजी त्यांच्या घरी स्वयंपाक करायची."

"स्वयंपाक नाही," मागून आवाज आला. "ती सुईण होती. तुमच्या घरातली मुलंसुद्धा तिच्याच हातावर जन्मली."

"मला माहीत नव्हतं."

"तू कधी विचारलं नाहीस."

"आता विचारते."

नर्सबाई उठल्या. मग त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि पुढे आल्या. सेक्रेटरीने दुसरी खुर्ची मंचावर नेली. उरलेला वेळ त्या बोलल्या आणि बाईंनी ऐकलं.

वृत्ताचं पहिलं वाक्य मी लिहिलं: प्रतिमेवरचा हार उतरवून कार्यक्रमाची सुरुवात झाली. अंक गेल्यावर काकूंचा फोन आला.

"हार कुणी घातला ते लिहिलं नाहीस ना रे?"

"नाही."

"आणि समई?"

"ती लिहिलीय, काकू."