न्हाव्याचा उमलाउट

गंगाखेडच्या बाजारात मी ज्याच्याकडे दाढी करायचो, तो न्हावी वस्तरा हातात असेतो फक्त "हां" म्हणायचा. हैदराबादेहून शिकून आलेल्या माझ्यासारख्या मास्तराला असा श्रोता शाळेतही मिळत नव्हता. एकदा मी त्याला 'उमलाउट' हा जर्मन शब्द फोडून सांगितला. 'लाउट' म्हणजे ध्वनी; आधी 'उम' लावलं की तो पालटतो. पालटलेला स्वर कसा निघतो, ते ओठांचा चंबू करून 'ई' म्हणत दाखवलं.

"तसंच ऱ्हावा," म्हणत त्यानं माझ्या वरच्या ओठावरून अलगद वस्तरा फिरवला.

पुढच्या शुक्रवारी गेलो, तर निजाम सरकारचे तहसीलदारसाहेब त्याच्यासमोर बसून, चंबू करून 'ई' म्हणत होते.

"मास्तर, लय कामाचा लफ्ज दिला तुमी. आता कुणाचा ओठ कापत न्हाई."

वर्गात माझ्या विद्येनं अजून कुणाचं इतकं भलं केलं नव्हतं.