जुना सर्व्हर वाढवा

हडपसरच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये मी नोंदणीला बसते. तिथल्या एका आठवड्याची ही गोष्ट. तेव्हा खाला जायच्या राहिल्या, एवढंच खरं.

खाला म्हणजे माझ्या घरमालकीण. मी गडचिरोलीकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पुण्यात खोली शोधत फिरले तेव्हा एकटी मुलगी बघून लोक दारातूनच वाटेला लावायचे. खालांचं घर इथे कैक पिढ्यांचं, गाद्या-रजयांचं दुकान. त्यांनी एवढंच विचारलं, "मटण-मच्छी खाती का? बरं झालं. एकाच चुलीवर भागतंय." नोकरीही त्यांच्यामुळेच लागली. त्या या सेंटरला डायलिसिसला यायच्या आणि आमच्या व्यवस्थापक सरांना त्यांनीच सांगितलं, "पोरगी घाबरट हाय, पण कामाला चोख हाय." सर म्हणाले, "घाबरट चालेल. धीट माणसांनी इथे काय दिवे लावलेत ते मी रोज बघतोय." आधी झाडलोट, मग सरांनीच कीबोर्डवर बोटं कशी ठेवायची ते शिकवलं. या दोघांचं देणं माझ्याच्यानं कधी फिटायचं नाही.

पेशंटच्या फायली जिन्याखालच्या खोलीतल्या एका लोखंडी पेटीत असायच्या. पेटी एक, पण आत तीन सर्व्हर, फायली त्यातल्या एकावर. खरे नव्हेत, सॉफ्टवेअरने केलेले. व्हर्च्युअल म्हणतात त्यांना. एका पावसाळ्यात त्या खोलीत पाणी शिरलं, पेटी बंद पडली आणि आख्खा दिवस आम्ही फायलींवाचून आंधळ्यासारखे वावरलो. मग ठरलं, सगळं क्लाउडवर हलवायचं. सर म्हणाले, "ढगातून पाणी आलं म्हणून आता सगळं ढगातच ठेवायचं. हुशार माणसं आहेत."

हलवायला कंपनीचा इंजिनिअर आला, मूळचा इंदूरचा, मराठी इथे येऊन शिकलेला. काम रविवारी, सेंटर बंद असताना. सर एका लग्नाला गेलेले, किल्ली माझ्याकडे. दुपारी तो म्हणाला, "क्लाउडवरचा चालू झाला, मॅडम. आता जुन्याचं काय करायचं, सरांना विचारा." मी फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"वाढवा म्हणावं," सर म्हणाले. "देवाचं नाव घ्या आणि वाढवा."

मी जसंच्या तसं सांगितलं. "सर म्हणतात, जुना वाढवा."

"वाढवा? पक्कं?"

"हो, वाढवा."

त्याने खांदे उडवले आणि बसला टाइप करत. मी त्या पेटीला हात जोडले. सरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या किराणा दुकान, त्यांच्या तोंडी दुकान बंद करणं कधी येत नाही, ते वाढवतात. आमच्याकडेही बांगडी फुटत नाही, वाढते. त्यामुळे मला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. त्या इंदूरच्या माणसाने मात्र जुन्या सर्व्हरची मेमरी वाढवून दिली आणि तो चालू ठेवला. त्याला वाटलं, सरांना नव्याची भीती असेल, जुना जास्त दमदार करून हाताशी ठेवायचा असेल.

सोमवारपासून माझा खालचा कॉम्प्युटर नव्या सर्व्हरवर उघडायचा आणि वरच्या डायलिसिस हॉलमधले जुन्यावर, कारण जुना बंद झाला तरच ते नव्यावर जायचे. दिसायला दोन्ही सारखेच. वर लिहिलेलं खाली दिसायचं नाही, तर आम्ही म्हणायचो, नवीन आहे, सावकाश येत असेल.

त्याच आठवड्यात खालांच्या हातांवर लाल ठिपके उठले. तपासणीत निघालं की रक्त गोठू नये म्हणून मशीनमध्ये सोडतात ते हेपरिन त्यांना बाधतंय. डॉक्टरांनी वर हॉलमध्ये बसून त्यांच्या फायलीला लाल पट्टी लावली, हेपरिन द्यायचं नाही म्हणून. घरी जेवताना खालांनीच मला सांगितलं. "थोडं आणखी गेलं असतं तर संपलं होतं म्हणले," त्या म्हणाल्या आणि माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

शुक्रवारी सकाळी इंजिनिअर बिलाच्या कामाने आला आणि त्याला दिसलं की फायली दोन्हीकडे वेगवेगळ्या होत चालल्यात.

"मी वाढवा म्हणालो होतो," सर म्हणाले.

"वाढवला ना सर. डबल मेमरी दिली."

सर खुर्चीत बसले. "अहो, वाढवा म्हणजे बंद करा."

"मग बंद करा म्हणायचं ना, सर."

"बंद करा कसं म्हणायचं? अशुभ दिसतं ते."

इंजिनिअर घाबरला आणि घाईघाईने त्याने जुना तिथल्या तिथे बंद केला. वरचे कॉम्प्युटरही नव्यावर आले. सर म्हणाले, "सुटलो." मलाही आधी तसंच वाटलं.

मग मला आठवलं की खाला वर आहेत. मी त्यांची फाइल उघडली. लाल पट्टी नव्हती. फाइल बंद करून पुन्हा उघडली, तरी नव्हती. वर त्या दिवशी नेहमीच्या सिस्टर रजेवर, बदली बाई आलेल्या. त्यांना पट्टीबद्दल कुठून ठाऊक असणार? आणि मी तरी कोण? नववीतून सुटलेली. औषधाचं नाव मी चुकीचं ऐकलं असेल तर? उगाच अडवलं आणि त्यातच काही झालं तर? तरी मी जिना चढले.

सिस्टरच्या हातात भरलेली सिरिंज होती.

"सिस्टर, खालांना हेपरिन नको."

"फाइलमध्ये तसं काही नाही."

"कालपर्यंत होतं."

"कालपर्यंत होतं म्हणजे? आजार काय रोज बदलतो का?"

खाला डोळे मिटून पडलेल्या. मी म्हटलं, "खाला, तुम्ही का नाही सांगितलं?"

"सांगितलं की. त्या म्हणल्या, स्क्रीनवर चालतंय लिहिलंय. मला वाटलं डॉक्टरनी बदललं असंल."

मी सिस्टरांचं मनगट धरलं. कुणाला असा हात लावण्याची माझी ती पहिलीच वेळ. त्या चिडल्या, पण सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि डॉक्टरांना फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "बिनहेपरिनचं करायला सांगितलंय," त्या म्हणाल्या. मग मला, "बस तू. बस आधी."

तोवर सर वर आले होते. त्यांनी सगळ्यांची औषधं थांबवली आणि इंजिनिअरला अगदी सावकाश सांगितलं, "आता साध्या शब्दांत बोलतो. जुना चालू करा. त्याची नेटची वायर काढा, म्हणजे नवीन काही त्यात जायला नको. आणि आठवडाभरात वर जे जे लिहिलंय ते वाचून दाखवा." इंजिनिअर वाचत गेला, एकेका पेशंटशी ताडून ते नव्या फायलीत भरलं गेलं. कुणाचं वजन बदललेलं, कुणाची गोळी. खालांची लाल पट्टी आली तेव्हा तो वाचता वाचता थांबला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

हेपरिन नसलं की नळीत रक्त गोठायची भीती असते. मधूनमधून सलाइन सोडून नळी धुवावी लागते. सिस्टर म्हणाल्या, "बसणारच असशील तर लक्ष ठेव. नळीत काळी रेघ दिसली की हाक मार."

मी स्टूल ओढून बसले. नळीवरून नजर काढायची हिंमत होईना.

"खाली जा," खाला म्हणाल्या. "तुझी लाइन लागली असंल."

"सर बसलेत तिथे."

"घाबरलीस?"

"हो."

"मी बी," त्या म्हणाल्या, आणि सुया नसलेला हात त्यांनी पांघरुणातून बाहेर काढून माझ्याकडे केला. मी तो धरला आणि नळीकडे बघत राहिले.