अर्थिंगच्या खड्ड्यावरची फरशी

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. मिठाच्या पाण्यातून वीज कशी वाहते, याचं चित्र मी फळ्यावर इतक्यांदा काढलंय, की आता खडू एकटासुद्धा काढील. हे आधीच सांगतो; नंतर कोणी ‘अडाणी होता बिचारा’ म्हणून मला माफ करायला नको.

या उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई फुलंब्रीहून आमच्या पुंडलिकनगरच्या घरी आली. ऑपरेशन छान झालं. पंधरा दिवस डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नाही, एवढं डॉक्टरांनी बजावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी पत्र्याच्या कूलरला तिचा हात लागला आणि ती झटक्यानं मागं सरली.

“तुझा कूलर चावतो रं! मी आपली चारच्या एसटीनं जाते. निंबाखाली बसंन.”

निंबाखाली म्हणजे धूळच धूळ. पिशवी भरायला तिनं घेतलीसुद्धा.

मी ऐटीत टेस्टर आणला. कूलरला लावताच आतला इवलासा दिवा लाल झाला. “बघ आई, हा पेटलेला वायू म्हणजे प्लाझ्मा. सूर्यसुद्धा याचाच आहे.”

“सूर्याचं राहू दे. कूलरचं बघ.”

मी बटण बंद केलं, प्लग उघडला. हिरवी वायर जागच्या जागी होती. “अर्थिंग आहे,” मी जाहीर केलं, “शास्त्राप्रमाणं झटका बसायला नको.”

“मग मला बसला तो काय होता?” लुगड्याची घडी घालत आई म्हणाली. “खड्ड्याला पाणी कवा घातलंस?”

“कुठल्या खड्ड्याला?”

“अर्थिंगच्या! विहिरीवरच्या मोटारीला उन्हाळ्यात दर आठ दिवसाला दोन बादल्या पाणी अन् मूठभर खडेमीठ घालतो आम्ही. नाय तर मोटार लई झिणझिण्या देती.”

बायको दारातून म्हणाली, “आई, खड्डा कुठं गेला ते विचारा त्यांना.”

खड्डा माझ्या स्कूटरखाली होता. दिवाळीआधी पार्किंगला फरशी बसवताना ते सिमेंटचं झाकण मला भिकार दिसलं. बायको नको नको म्हणत असताना मी त्यावरून फरशी फिरवली होती.

मेन स्विच बंद करून मी छिन्नी-हातोडा घेतला. पहिला घाव फरशीवर, दुसरा अंगठ्यावर. आतली माती भाजक्या डाळीच्या पिठासारखी कोरडी! मिठातले भारित कण ओलाव्यातच चालतात. कोरड्यात नुसते बसून राहतात. हे वाक्य दरवर्षी मी परीक्षेत विचारतो. दोन बादल्या ओतल्या, मीठ टाकलं. मातीनं फुस्स करून सगळं पिऊन टाकलं.

प्लग बसवून मेन आणि कूलर चालू केला, टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

तरी कूलरला हात लावू दिला नाही कुणाला. वीज मुळात गळत होती ती कूलरमधल्या पाण्याच्या पंपातून. उस्मानपुऱ्यातून नवा पंप आणला आणि वायरमननं तो बसवला, तेव्हा साडेचार वाजले होते. चारची एसटी गेली होती.

“पाचची असंल,” आई म्हणाली.

मी कूलर लावला. ती थोडा वेळ गार वाऱ्यात बसली. मग पिशवीतून लुगडी काढून पुन्हा कपाटात ठेवली.

“पंधरा दिवस राहते. पण खड्ड्याला पाणी सूनबाई घालंल. तुझ्या शास्त्राच्या भरवशावर नाय बाबा.”