क्रेनवाल्या धनराजचा अंगठा

आपल्या उजव्या अंगठ्याला काय झालंय हे आपल्याशिवाय कोणालाच माहीत नाही, असं धनराजला वाटायचं. माणूस मोठा हुशार! अठरा वर्षं वरून जगाची टाळकी पाहिली की असंच वाटू लागतं.

ऊर्जानगरच्या पलीकडे कारखान्यांच्या मोठमोठ्या विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो क्रेन चालवायचा. छताखालून रुळांवर फिरणारी क्रेन, तिला लटकलेली केबिन, आत धनराज आणि त्याच्या हातात दोन दांडे. खाली चैतू खलाशी. हा धानोऱ्याकडच्या जंगलातला गडी वजनाला साखळ्या बांधायचा, हातानं खुणा करायचा आणि लटकतं वजन अंगाशी धरून जागेवर बसवायचा. त्या आवाजात बोलणं कुठलं ऐकू येतंय! चैतूनं मूठ मिटली की थांबायचं, बस. मूठ मिटली आणि धनराज थांबला नाही, असं अठरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

चार महिन्यांपासून मात्र अंगठा आपल्याच तालात थरथरायला लागला होता. हात खिशात घातला की लपायचा, दांड्यावर ठेवला की पुन्हा सुरू. वर्षाची तबियत तपासणी महिन्यावर आलेली. आधीच डॉक्टर गाठावा म्हणाल, तर डॉक्टर कागद लिहिणार आणि कागद झाला की केबिन गेली! मग खाली उतरून काय करायचं, बोल्ट पुसायचे? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून त्यानं बायकोलाही सांगितलं नाही. नीलिमा हल्ली चहा अर्धाच कप द्यायची. दूध महागलं असेल, असं धरून तो पिऊन टाकायचा.

आणि अशात त्याला तो गेम सापडला. पोरीनं, दिव्यानीनं, कॉलेजच्या कामाला घेतलेल्या कॉम्प्युटरवर टाकला होता. टेबलापलीकडे बुरखा घातलेला एक म्हातारा पत्ते वाटत बसलेला. आधी आपली गड्डी आपणच लावायची: कोणती तलवार, कोणती ढाल, कोणतं संकट. मग म्हातारा पत्ते पालथे मांडतो आणि आपली सोंगटी एकेका पत्त्यावर चालते. पत्ता उलटला की कुठं दुकान, कुठं साधूबाबा, कुठं दरोडेखोर. दरोडेखोर निघाले की टेबल गायब, आपण खरोखर मैदानात! आणि शत्रू वार करणार त्या क्षणी त्याच्या डोक्यावर हिरवी खूण चमकते. तेवढ्यात अंगठ्यानं बटण दाबलं तर वार अडतो.

धनराज उडालाच. अरे, हीच तर आपली नोकरी! खूण दिसली की हात चालला पाहिजे.

तेव्हापासून पहिली पाळी संपवून घरी आला की पायही न धुता तो म्हाताऱ्यासमोर बसायचा. खेळायला नाही, तपासायला. दरोडेखोर निघाले की तळहाताला घाम फुटायचा. पण वार अडायचे. बहुतेक सगळे अडायचे! तेवढ्यानं त्याचा जीव दुसऱ्या सकाळपर्यंत भांड्यात पडायचा.

मग एका मंगळवारी चैतूनं मूठ मिटली आणि वजन वीतभर पुढं गेलं. चैतू टुणकन बाजूला उडाला.

"काय बे धन्या, झोपून राह्यला का वर?" तो खालून ओरडला आणि हसला.

धनराजही हसला. केबिनीत त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. घरी येऊन त्यानं म्हाताऱ्याला गाठलं, ओळीनं नऊ वार अडवले, आणि साखळीच ढिली बांधली असेल, असा निकाल देऊन मोकळा झाला. मनाला पटेल असा साक्षीदार मिळाला की माणूस दुसऱ्याला विचारतच नाही.

शुक्रवारी दुपारी गेम संपला. म्हातारा हरला! दुसऱ्या दिवशी सहा टनांची मोटार उचलायची होती, म्हणून धनराजला आजचा कौल हवाच होता. दिव्यानी कॉलेजात. त्यानं स्वतःच नव्यानं सुरू केला. पडद्यानं विचारलं: सोपा, मध्यम की कठीण? हा प्रश्न त्यानं कधी पाहिलाच नव्हता. "आपण का लेकरू आहो?" म्हणत त्यानं मध्यम दाबलं.

पहिल्याच दरोडेखोरानं त्याला आडवा केला. पुन्हा बसला, पुन्हा आडवा. हिरवी खूण दिसत होती हो, स्वच्छ दिसत होती! डोकं दाब म्हणत होतं आणि अंगठा वार बसल्यावर पोचत होता. अकराव्यांदा हरला तेव्हा मागं दिव्यानी उभी होती.

"बाबा... मी सोप्यावर ठेवला होता."

"काऊन?"

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचा हात थरथरते ना. हरले असते तर तुम्हाले किती वाईट वाटलं असतं."

"तुले कोणं सांगतलं?"

"सांगाले कायले पायजे? आई अर्धा कप चहा काऊन देते मग? भरला की सांडते तुमचा."

नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. धनराजला चहा आठवत राहिला. चार महिन्यांचे सगळे कप.

सकाळी मोटारीला साखळ्या बांधून चैतू तयार होता. धनराज शिडीपाशी आला, एक पायरी चढला आणि तिथंच थांबला. खाली उतरून त्यानं उजवा हात चैतूपुढं धरला. आज खिशात नाही घातला.

"हे पाह्य."

चैतू बघत राहिला. "कवापासून?"

"चार महिने झाले."

"घरी मालूम हाय?"

"हो. सांडू नये म्हणून चहा अर्धाच देतात मले."

चैतूचा चेहरा कठोर झाला. त्यानं लटकणाऱ्या आकड्याकडे पाहिलं, मग धनराजकडे.

"घरी अर्धा कप," तो म्हणाला, "अन माह्या डोक्यावर पूरे सहा टन?"

धनराजला वाटलं, याच्यापेक्षा यानं थोबाडात मारली असती तर बरं.

चैतूनं दोन्ही मुठी मिटून वर धरल्या, काम बंद म्हणून, आणि सगळं वर्कशॉप थांबलं. मग त्यानं धनराजचा उजवा हात घट्ट पकडला आणि त्याला साहेबांच्या खोलीकडे घेऊन चालला. रागानं तो मागं वळूनही बघत नव्हता. मुठीत धनराजचा अंगठा थरथरतच होता, तरी त्यानं हात सोडला नाही.