शेजारचे काका आणि गळकी गाडी

कर्जतला आमच्या शेजारी राहणारे काका, कुणी जुनी गाडी बघायला निघालं की सोबत जातात. तेव्हा स्वतःकडे गाडी नव्हती, पण दुसऱ्याच्या गाडीत खोट काढायची भारी हौस. माझ्यासाठीही ते चौक गावाला आले. मालकाने धुऊनपुसून लख्ख केलेल्या गाडीचं इंजिन त्यांनी चालू ठेवायला लावलं आणि खाली पेपर सरकवून स्वतः पालथे पडले. बराच वेळ आम्हाला त्यांच्या नुसत्या चपला दिसत होत्या.

"ही रडतेय रं," खालून आवाज आला. पेपरवर हिरवे थेंब होते. "कूलंट गळतंय, इंजिन गार ठेवायचं पानी. घेऊ नको."

"एसीचं पाणी आहे ते," मालक म्हणाला.

काकांनी ओलं बोट त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. "एसीचं पानी हिरवं असतं काय रं?"

मी सौदा सोडला. परतताना काकाच हळहळत होते, "गाडी वाईट नाय रं. कुनी तिच्याकडं बघितलंच नाय."

पुढच्या आठवड्यात तीच गाडी त्यांच्या दारात उभी. काकू कपाळाला हात लावून पायरीवर बसलेल्या, आणि काका बॉनेट उघडून तांब्याने पाणी ओतत होते.

"काका, घेऊ नको म्हणालात ना?"

"तुला म्हनालो. हिला रोज सकाळी पानी पाजाया लागतंय. तू उठतोस कवा?"