ऑर्केस्ट्रा ऐकायला गेलो तेव्हा

लग्नाला वर्ष व्हायचं होतं तेव्हा मी माझ्या नवऱ्याला एका माणसाच्या छातीवर बसून त्याचं तोंड ठेचताना पाहिलं. तोवर मी त्यांचा आवाजही कधी चढलेला ऐकला नव्हता. घरात झुरळ निघालं तरी हे त्याला कागदावर घेऊन खिडकीतून सोडून द्यायचे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नाशिकला प्राथमिक शाळेत शिकवत होते, हे सरकारी कचेरीत कारकून. यांचं बालपण देवळालीला गेलेलं. वडील छावणीतल्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. कुंपणाबाहेर उभं राहून लष्करी बँडचा सराव ऐकता ऐकता यांना विलायती संगीताचं वेड लागलं. मुंबईहून मोठा वाद्यवृंद येणार, व्हायोलिनं, तुताऱ्या, ढोल सगळं घेऊन, हे कळल्यावर त्यांनी लगोलग दोन तिकिटं आणली.

घोळ पोस्टरांनी केला. भिंतीभिंतीवर नुसतं ‘मुंबईचा भव्य ऑर्केस्ट्रा’ एवढंच. आमच्याकडे तेव्हा ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी, नकला आणि चमचमत्या साडीतली गायिका. सिन्नरहून, मालेगावहून लोक जीपा भरभरून आले. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती.

पडदा वर गेला. काळ्या कोटातले वादक बसले होते, आणि एक जण आमच्याकडे पाठ करून हातातली छडी हलवू लागला.

“ओ, तोंड इकडं करा की!” मागून कोणीतरी ओरडलं. मांडव हसला.

वादन सुरू झालं. यांनी डोळे मिटून घेतले. थोडा वेळ लोकांनी वाट पाहिली. मग शिट्ट्या सुरू झाल्या. “गाणं लावा!” “बाई कुठंय?” पाय आपटले जाऊ लागले. सोड्याची एक बाटली मंचाच्या कडेवर फुटली. छडीवाला थांबला नाही, उलट ढोल आणखी जोरात घुमले. तेवढ्यात आमच्या डोक्यांवरून एक लोखंडी घडीची खुर्ची भिरभिरत गेली आणि पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या वादकाच्या कानशिलावर बसली. तो आपल्याच व्हायोलिनवर तोंडघशी पडला. लाकूड मोडल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो. त्याचे पांढरे केस बघता बघता लाल झाले.

हे उठले. आमच्या मागे एक माणूस दोन्ही हात वर करून उभा होता. यांनी त्याची कॉलर धरून त्याला खुर्च्यांवरून ओढलं, खाली पाडलं, आणि मारायला लागले. एकही शब्द न बोलता. नाकावर, ओठांवर, पुन्हा नाकावर. त्या माणसाची बायको यांची पाठ बोचकारत होती. “अहो, सोडा! मरेल तो!” असं ओरडत मी यांचा दंड धरला. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत माझी ओळखच नव्हती. मी हात सोडला.

मग पोलीस घुसले. लाठ्या दिसेल त्याच्यावर पडत होत्या. एक यांच्या उजव्या हातावर बसली आणि हाड मोडलं, तेव्हाच हे थांबले.

सरकारी दवाखान्यात आम्ही एका बाकावर, आणि समोरच्या बाकावर तो माणूस आणि त्याची बायको. म्हाताऱ्या वादकाला आत टाके घालत होते. त्याचं कण्हणं बाहेर येत होतं.

“खुर्ची का फेकलीस?” यांनी विचारलं.

तो माणूस रक्ताने भरलेल्या फडक्यातून बोलला, “मी नाय फेकली, सायेब. माझ्या मागून आली ती. ‘फेकू नका रं’ म्हनून हात वर केलते मी.”

त्याची बायको म्हणाली, “कारखान्यात रजा टाकून आलतो आमी सिन्नरहून. मला गानी ऐकवायला आनलं होतं यांनी.”

हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा त्या माणसाने मान हलवली. “तक्रार नाय करायची. कोर्टात खेपा घालायच्या तं खाडे पडतील.”

हात प्लॅस्टरमध्ये असतानाच हे एका रविवारी हवालदाराकडून पत्ता घेऊन एसटीने एकटे सिन्नरला गेले. परत आल्यावर मी विचारलं, “भेटला का?”

“बायको दारात उभी होती. आत नाही घेतलं. म्हणाली, पुढचे दात पडलेत यांचे, नीट बोलता येत नाही. तुम्ही आता पुन्हा येऊ नका.” एवढं सांगून ते मोरीत गेले आणि बराच वेळ डाव्या हाताने तोंडावर पाणी मारत राहिले.

पुढे आम्हाला दोन मुलं झाली. यांनी कधी त्यांच्यावर हात उचलला नाही, माझ्यावरही नाही. तरी मुलांच्या शाळेची ती सगळी वर्षं, मुलांनी अभ्यासात टाळाटाळ केली आणि हे नुसते खुर्चीवरून उठले, की मी स्वयंपाकघरातून धावत येऊन मधे उभी राहायचे. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, “काय झालं गं?” नंतर नंतर ते विचारेनासे झाले. मला पाहिलं की पुन्हा खाली बसायचे.